बत्तीस मिलिमीटरची बाई

आर्किटेक्चरला प्रवेश घेतला तेव्हा माझी पक्की समजूत होती, की ज्याची चित्रकला चांगली तो या अभ्यासक्रमात पुढे जातो. माझी चित्रकला चांगली होती. पहिल्या दोन महिन्यांत त्या समजुतीला तडे गेले आणि दुसऱ्या सत्रात एका जिन्याने ती पार मोडून काढली. ती कशी मोडली आणि पाच वर्षांत तिच्या जागी काय उभं राहिलं, हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं. नव्याने या वाटेला लागलेली मुलं भेटली की ती पोर्टफोलिओ, सॉफ्टवेअर आणि मार्कांबद्दल विचारतात. मला त्यांना सेक्शनबद्दल सांगायचं असतं.

सुरुवातीचे काही आठवडे डिझाईन नावाचं काही नव्हतंच, नुसत्या रेषा होत्या. टी-स्क्वेअर, सेट स्क्वेअर, टू-एच आणि एचबी पेन्सिली आणि ए-वन आकाराचा, म्हणजे ५९४ बाय ८४१ मिलिमीटरचा कागद. पेन्सिल ओढताना बोटांत हळूहळू फिरवत राहायची, म्हणजे टोक एकाच बाजूने झिजत नाही आणि रेघ शेवटपर्यंत सारख्या जाडीची येते. जी भिंत कापली गेली ती जाड रेषेत, जी पलीकडे नुसती दिसते ती पातळ रेषेत, डोक्यावर जे आहे ते तुटक रेषेत. प्लॅन म्हणजे इमारत जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर आडवी कापली आणि वरचा भाग उचलून आत पाहिलं तर जे दिसेल ते. सेक्शन म्हणजे तीच इमारत उभी कापलेली. व्याख्या एका दिवसात पाठ झाल्या. त्यांचा अर्थ कळायला मला दोन वर्षं लागली.

मग स्वतःची खोली मोजून आणायला सांगितलं. मी टेप घेऊन चारही भिंती मोजल्या, आयत काढला, आत पलंग आणि टेबल मांडलं, सुबक अक्षरांत मापं लिहिली. मॅडमनी शीट पाहिली आणि विचारलं, "कर्ण कुठे आहेत?" मला प्रश्नच कळला नाही. चारही बाजू बरोबर मोजल्या म्हणून कोपरे काटकोनात आहेत असं होत नाही. तिरप्या पडलेल्या समांतरभुज चौकोनाच्याही समोरासमोरच्या बाजू सारख्याच असतात. संध्याकाळी घरी जाऊन दोन्ही कर्ण मोजले, तर एक दुसऱ्यापेक्षा सहा सेंटिमीटरने लांब. इतकी वर्षं त्या खोलीत झोपत होते आणि ती आयताकृती नव्हतीच. कोपऱ्यातलं कपाट भिंतीला कधी नीट का टेकत नव्हतं तेही कळलं. दार, मग भिंत, मग खिडकी असे तुकडे सुटे सुटे मोजून बेरीज केली की प्रत्येक मापातली बारीक चूक बेरजेत साचत जाते. टेपचं शून्य एका कोपऱ्यात धरून ठेवायचं आणि पुढची सगळी मापं त्याच शून्यापासून वाचायची, हेही त्याच आठवड्यात शिकले. आजही मी कुठे माप घ्यायला गेले की सोबतच्या माणसाला आधी शून्य धरून उभं करते.

आणखी एक अभ्यास आठवतो. ए-फोर आकाराचा एकच कागद, गोंद नाही, टाचणी नाही, आणि त्यावर एक वीट उभी राहिली पाहिजे. अर्धा वर्ग कागदाची नळी करत होता, उरलेला पंख्यासारख्या घड्या घालत होता. सपाट कागद स्वतःचं वजनसुद्धा पेलत नाही, आणि तोच घडी घातली की वीट घेऊन उभा राहतो. वजनात एका ग्रॅमचीही भर पडलेली नसते, फक्त आकार बदललेला असतो. १९१९ साली वायमारमध्ये सुरू झालेल्या बाउहाउसच्या शाळेत योझेफ आल्बर्स हे शिक्षक नवख्या विद्यार्थ्यांच्या हातात असेच वर्तमानपत्राचे कागद द्यायचे, हे नंतर कळलं. ज्या दिवशी माझी वीट उभी राहिली त्या दिवशी स्ट्रक्चर या विषयाची भीती निम्म्याने गेली.

आता जिन्याबद्दल.

दुसऱ्या सत्रात पहिलं घर डिझाईन करायला दिलं. एका चित्रकाराचं दुमजली घर, खाली काम करायची खोली, वर राहायची जागा. जागा लहान होती आणि मी प्लॅन फार मेहनतीने बसवला होता. एक चौरस फूटही वाया जाऊ दिलेला नव्हता. जिन्याच्या मधल्या लँडिंगखाली जागा फुकट जात होती, तिथे मी स्वच्छतागृह सरकवलं होतं. मला त्या युक्तीचा मनापासून अभिमान होता.

मॅडमनी प्लॅन बराच वेळ पाहिला. "छान बसवलंयस," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "सेक्शन कुठाय?"

"उद्या काढते, मॅडम."

"आत्ताच काढ. इथे बसून. जिन्यातून काप."

मी काढायला बसले. मजल्याची उंची ३ मीटर. १५० मिलिमीटरची एक पायरी धरली, म्हणजे एकूण २० चढ. दहाव्या चढावर लँडिंग, म्हणजे ते जमिनीपासून १.५ मीटरवर. लँडिंगच्या स्लॅबची जाडी १५० मिलिमीटर. त्याच्याखाली मोकळी उंची उरली १.३५ मीटर, आणि तिथे मी २.१ मीटरचं दार काढलेलं. पेन्सिल त्या रेषेपाशी थांबली. मॅडम मागेच उभ्या होत्या.

"तुझी उंची किती?"

"पाच फूट तीन इंच."

"मीटरमध्ये सांग."

"एक मीटर साठ."

"एकास पन्नासच्या स्केलला किती होतात?"

"बत्तीस मिलिमीटर."

त्यांनी माउंट बोर्डचा तुकडा आणि कटर माझ्या हातात दिला. मी बत्तीस मिलिमीटर उंचीची एक बाई कापली. डोकं, खांदे, खाली सरळ. "ठेव तिला लँडिंगखाली," त्या म्हणाल्या. कागदावर ती जागा २७ मिलिमीटरची होती. बाईचं डोकं लँडिंगच्या स्लॅबमध्ये घुसलं. मॅडम काहीच बोलल्या नाहीत, पुढच्या टेबलाकडे गेल्या. मला रडू आलं ते चूक झाली म्हणून नव्हे. मी ज्या घराचा तीन आठवडे विचार केला, त्या घरात मी एकदाही आत जाऊन उभी राहिले नव्हते, हे त्या क्षणी कळलं. मी कागदावरची जागा भरत होते.

ती पुठ्ठ्याची बाई मी टाकून दिली नाही. पेन्सिलींच्या पत्र्याच्या डबीत ठेवली आणि पुढची चार वर्षं ती तिथेच राहिली. कुठलंही सेक्शन काढलं की आधी तिला आत उभी करायची, अशी सवय लागली.

जिना हा विषय मला त्यानंतर लागलाच. सतराव्या शतकातल्या फ्रान्स्वा ब्लोंदेल नावाच्या फ्रेंच वास्तुविशारदाने माणसाच्या पावलावरून जिन्याचा हिशेब मांडला होता: दोन चढ (म्हणजे पायऱ्यांची उंची) आणि एक पायठण (म्हणजे पाऊल ठेवायची आडवी रुंदी) यांची बेरीज एका पावलाइतकी असावी. आज ती बेरीज साधारण ६०० ते ६४० मिलिमीटर धरतात. १५० चा चढ आणि ३०० ची पायठण घेतली तर बेरीज ६०० होते. चढ वाढवला की पायठण कमी करायची, म्हणजे पावलाची लय तुटत नाही. आणि पायठणांची संख्या चढांपेक्षा नेहमी एकाने कमी, कारण शेवटचा चढ थेट मजल्यावर नेतो. लँडिंग असलेल्या जिन्यात प्रत्येक टप्प्याला हा हिशेब वेगळा करावा लागतो. दहा चढांना नऊ पायठणा. हे विसरलं की जिना कागदावर एका पायरीने लांब होतो आणि मग सगळा प्लॅन ढकलावा लागतो.

ल कॉर्बुझिए या वास्तुविशारदाच्या मोड्युलॉरबद्दल, म्हणजे माणसाच्या उंचीवरून ठरवलेल्या मापांच्या पद्धतीबद्दल, शिकवलं तेव्हा वर्गात वाद झाला होता. त्याचा माणूस १.८३ मीटर उंच, हात वर केला की २.२६ मीटर, आणि त्या मापांवरून पुढची सगळी मापं सुवर्ण गुणोत्तराने काढलेली. कल्पना विलक्षण आहे. पण माझी बाई त्याच्यापेक्षा तेवीस सेंटिमीटरने बुटकी होती. ओट्याची उंची, वरच्या फडताळाची उंची, खिडकीची कडी, बसमधला हात धरायचा दांडा, हे सगळं कुणाच्या तरी उंचीवरून ठरलेलं असतं, आणि ज्याच्यावरून ठरलं तो सोडून बाकीच्यांना ते रोज जाणवतं. तेव्हापासून मी एकाच्या जागी चार आकृत्या कापायला लागले: माझी, एक लहान मूल, एक चाकाची खुर्ची, एक वाकलेली म्हातारी. चाकाच्या खुर्चीला जागेवर वळायला साधारण दीड मीटर व्यासाचं वर्तुळ लागतं. ते वर्तुळ स्वच्छतागृहाच्या प्लॅनमध्ये ठेवून पाहिलं की आपण किती जणांना दाराबाहेर ठेवतो ते दिसतं.

इतिहासाचा तास आधी मला पाठांतराचा वाटायचा. पँथिऑनच्या सेक्शनने ते बदललं. रोममधली ही इमारत दुसऱ्या शतकातली. प्लॅनमध्ये पाहिलं तर नुसतं एक वर्तुळ, पुढे खांबांचा मंडप. सेक्शनमध्ये पाहिलं तर घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून माथ्याच्या भोकापर्यंतची उंचीही तितकीच, म्हणजे आत एक अख्खा गोल बसतो. लोखंडाची एकही सळई नाही. खालच्या भागात काँक्रीटमध्ये जड दगड घातलेला, वर जाताना हलका होत गेलेला आणि माथ्याजवळ प्युमिस, जो पाण्यावर तरंगतो. घुमटाची जाडीही तळाशी सहा मीटरहून जास्त आणि माथ्याशी सव्वा मीटरच्या आसपास. आमच्या सरांनी विचारलं, "वर उघडं भोक आहे. पाऊस पडला की पाणी कुठे जातं?" कुणालाच सांगता येईना. जमीन मध्यभागी किंचित उंच आहे आणि फरशीत बारीक भोकं आहेत, त्यांतून ते निघून जातं. त्यानंतर जगातल्या कुठल्याही मोठ्या वास्तूचं चित्र पाहिलं की माझा पहिला प्रश्न पाण्याचाच असतो.

दुसऱ्या वर्षी पश्चिमेच्या उन्हाने धडा दिला. वाचनालय डिझाईन करत होते आणि वाचनकक्षाची पूर्ण पश्चिम भिंत मी काचेची केली होती, कारण त्या बाजूला झाडं होती आणि दृश्य सुंदर होतं. ऊन अडवायला वर दीड मीटरचा छज्जा दिला होता. सरांनी स्टुडिओतले दिवे बंद केले, एक टेबललॅम्प घेतला आणि माझ्या मॉडेलच्या पश्चिमेला, जमिनीलगत आणला. पुठ्ठ्याच्या वाचनकक्षात उजेडाचा पट्टा मागच्या भिंतीपर्यंत गेला. मधे बसलेल्या सगळ्या पुठ्ठ्याच्या माणसांच्या तोंडावर ऊन. छज्जा काहीच करत नव्हता, कारण दुपार कलल्यावर पश्चिमेचा सूर्य छज्ज्याच्या खालून येतो. आडवा छज्जा उपयोगी पडतो तो माथ्यावरच्या उन्हाला. पश्चिमेला उभ्या फळ्या लागतात, किंवा काच कमी करावी लागते, किंवा ती झाडंच ऊन अडवायला वापरावी लागतात. त्या रात्री सूर्याच्या वाटेचे तक्ते घेऊन बसले. विषुवदिनी भर दुपारी सूर्याची उंची काढायची तर नव्वदातून त्या जागेचा अक्षांश वजा करायचा. अयनदिनांना त्यात साडेतेवीस अंश मिळवायचे किंवा वजा करायचे. इतकं साधं गणित, पण ते करून मी खिडकी कधी काढली नव्हती. मग ती झाडं आणि त्यांचं दृश्य राहावं म्हणून काच तीन अरुंद उभ्या फटींत वाटली आणि प्रत्येक फटीला उत्तरेकडे वळवलेली खोल चौकट दिली. माझ्या मते ती खिडकी हे माझं पहिलं खरं डिझाईन.

स्ट्रक्चरच्या विषयात सरांनी फूटपट्टीने सुरुवात केली. आडवी धरून मधोमध दाबली की वाकते, उभ्या कडेवर धरली की तितक्याच जोराने ढिम्म हलत नाही. तुळईच्या ताठपणात रुंदी एकदाच मोजली जाते आणि खोली, म्हणजे तुळईची उभी जाडी, तीनदा गुणली जाते. म्हणून खोली दुप्पट केली की ताठपणा आठपट. उलट दोन आधारांमधलं अंतर दुप्पट केलं, तेवढाच भार प्रत्येक मीटरवर ठेवला, तर वाकणं सोळापट. हे आकडे ऐकल्यावर मला माझे जुने प्लॅन आठवले, ज्यांत मी खांब नको वाटला की पुसून टाकत असे.

अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटच्या फॉलिंगवॉटर या घराबद्दल मला याच काळात वेगळी माहिती मिळाली. धबधब्यावर झेपावलेल्या त्या गच्च्या मला पहिल्या वर्षापासून पाठ होत्या. त्या गच्च्या सेंट्रिंग (काँक्रीटला खालून दिलेला तात्पुरता आधार) काढल्याबरोबर झुकल्या, पुढे अनेक दशकं झुकतच राहिल्या आणि शेवटी २००२ साली पोलादी केबल ताणून त्यांना आधार द्यावा लागला, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला ते घर आजही फार आवडतं. पण सुंदर इमारत आणि नीट उभी राहणारी इमारत या दोन्हींचा विचार एकाच वेळी करता आला पाहिजे, आणि तो सेक्शनमध्येच करता येतो, असं मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं होतं.

ज्युरीबद्दल लिहिताना मला अजून जड जातं. आपण शीट लावतो, मॉडेल ठेवतो, शेजारी उभे राहतो आणि समोरचे तीन-चार जण आपण आठ आठवडे जे केलं त्यावर बोलतात. ही पद्धत पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेतून आलेली. तिथे मुदत संपली की विद्यार्थ्यांची ड्रॉइंग गोळा करायला हातगाडी फिरायची, तिला शारेत म्हणत. म्हणून शेवटच्या घाईला आजही वास्तुकलेच्या जगात हाच शब्द आहे. तिसऱ्या वर्षी बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी माझ्या मॉडेलचं छप्पर एक शब्द न बोलता उपटून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "हे नसतं तर बरं झालं असतं." कदाचित ते बरोबरही होते. पण छप्पर का नको, ते त्यांनी सांगितलं नाही. पुढचे चार आठवडे मी स्टुडिओत कुणाला काही दाखवलं नाही. ज्युरीत कठोर बोललेलं मला चालतं, माझ्या मॅडम सगळ्यांत कठोर होत्या. त्या रेषेवर बोट ठेवून विचारायच्या आणि उत्तराची वाट पाहायच्या. विद्यार्थ्याला विचार करायला भाग पाडणारी टीका आणि त्याला गप्प करणारी टीका यांतला फरक शिकवणाऱ्यांनी जपायला हवा, असं मला अगदी तळमळीने वाटतं, कारण त्या खोलीतून बाहेर पडल्यावर काही मुलं परत येत नाहीत. आमच्या वर्गातून दोघं गेले.

जागरणांचंही तेच. सबमिशनच्या आधी तीन-तीन रात्री न झोपण्याची आमच्यात शान होती. पहाटे चार वाजता माझ्या वर्गमैत्रिणीने लोखंडी पट्टीवरून कटर घसरवला आणि डाव्या हाताच्या अंगठ्याला टाके पडले. पाते बोथट होतं, आणि बोथट पात्याला जोर लावावा लागतो, म्हणून ते जास्त घसरतं. त्यानंतर आम्ही पाच जणांनी ठरवलं की मॉडेल रात्री बारानंतर कापायचं नाही आणि पात्याचं टोक दर अर्ध्या तासाने मोडायचं. आमची शीट त्यामुळे वाईट झाली नाहीत. सकाळी ताज्या डोळ्यांनी पाहिलं की चुका दिसायच्या, आणि दुरुस्त करायला हात शाबूत असायचा.

कॉम्प्युटरवर ड्रॉइंग सुरू झाली तेव्हा वेग वाढला, पण एक गोष्ट हातातून निसटली. ऑटोकॅडमध्ये सगळं खऱ्या मापात काढतात आणि पडद्यावर हवं तेवढं जवळ-लांब करतात. त्यामुळे एकास पन्नास म्हणजे काय, हे डोळ्यांना कळेनासं होतं. तीन मीटरची खोली आणि सहा मीटरची खोली पडद्यावर सारखीच दिसू शकते. मी दर दोन दिवसांनी प्रिंट काढून त्यावर डबीतली बाई ठेवायचे. एकदा असं कळलं की मी काढलेला व्हरांडा इतका अरुंद आहे, की समोरासमोर दोन माणसं आली तर एकाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागेल. पडद्यावर तो व्हरांडा भव्य वाटत होता.

एस्टिमेटिंग, करारांचे नियम, सर्व्हे हे विषय मी परीक्षेपुरते केले. त्यांचं मोल काम सुरू झाल्यावर कळलं, इतकंच लिहिते.

चौथ्या वर्षी सहा महिने ऑफिसात प्रशिक्षण. पहिले दोन महिने दारं-खिडक्यांचे तक्ते करण्यात गेले. तिसऱ्या महिन्यात मला एक जिना मिळाला. मी त्याचं ड्रॉइंग फार प्रेमाने केलं: २० चढ, प्रत्येकी १५०, हेडरूम (डोक्यावरची मोकळी उंची) तपासलेली, कठड्याची उंची तपासलेली. साइटवर शटरिंग चालू असताना मिस्त्रींनी मला बोलावलं. हातात माझंच ड्रॉइंग होतं.

"ताई, खाली-वर लादी किती जाडीची?"

"मसाल्यासकट पन्नास."

"आणि पायरीला?"

"तीस."

"मग तुमची पहिली पायरी एकशे तीसची होणार आणि शेवटची एकशे सत्तरची. बघा मांडून."

मी तिथेच वाळूच्या ढिगाशेजारी बसून मांडलं. काँक्रीटचे सगळे चढ १५० ठेवले, तर खालच्या मजल्याला ५० ची लादी येते आणि पहिल्या पायरीला फक्त ३० ची. म्हणजे पहिला चढ २० ने कमी. वर उलट, शेवटचा चढ २० ने जास्त. काँक्रीट ओतताना पहिला चढ १७० आणि शेवटचा १३० घ्यायला हवा, तर लादी बसल्यावर सगळे सारखे १५० होतात. एकूण उंची तीच राहते. "दोन पायऱ्या चढल्या की पायाला माप कळतं ताई," मिस्त्री म्हणाले, "मग माणूस खाली बघत नाही. म्हणून शेवटच्या पायरीला ठेच लागते." ते बोलत असताना मला पहिल्या वर्षाचं ते लँडिंग आठवलं. या वेळी मी सेक्शन काढलं होतं, बाई उभी केली होती, पण तिच्या पायाखाली लादी घातली नव्हती. ड्रॉइंग त्या संध्याकाळी दुरुस्त करून पाठवलं. तो जिना पूर्ण झाल्यावर मी डोळे मिटून, कठड्याला हात लावून वरपर्यंत चढले. एकही पायरी वेगळी लागली नाही.

शेवटच्या वर्षी थीसिससाठी मित्रमैत्रिणींनी विमानतळ, संग्रहालयं, क्रीडासंकुलं घेतली. मी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी मुक्कामाची जागा घेतली. घरातलं कुणी आजारी असताना मी स्वतः काही रात्री रुग्णालयाच्या पॅसेजमध्ये काढल्या होत्या. तिथे बसायच्या खुर्च्यांना मधे लोखंडी हात असतात, म्हणून आडवं होता येत नाही. लोक जमिनीवर झोपतात, पिशवी उशाला घेऊन. थीसिससाठी मी पुन्हा तिथे गेले आणि बारा दिवस फक्त पाहत आणि मोजत राहिले. लोक कुठली जागा आधी धरतात? पाठीला भिंत मिळेल अशी. मोबाइल चार्ज करायची सोय जवळ असेल अशी. आणि जिथून वॉर्डचं किंवा रुग्णालयाचं दार दिसेल अशी, कारण आतून कुणी नाव घेऊन हाक मारली तर ऐकू यायला हवी. आरामाची जागा मोकळी असताना माणसं दारासमोरच्या जिन्यावर अवघडून बसलेली मी पाहिली. माझ्या गाइडनी प्लॅन मागितला तेव्हा मी त्यांना आधी सेक्शन दिलं.

त्यात खिडकीलगत एक ओटा होता. उंची ४५० मिलिमीटर, म्हणजे बसायची. रुंदी ७५०, लांबी १८००. काच ओट्याच्या वर जेमतेम दहा सेंटिमीटरवर सुरू होत होती, खालचा भाग न उघडणारा आणि बाहेरून गज लावलेला, कारण खोल्या वरच्या मजल्यावर होत्या. असे चोवीस ओटे.

अंतिम ज्युरीला बाहेरून आलेले परीक्षक सेक्शन-मॉडेलपाशी थांबले. स्केल काढून ओट्यावर धरला. पंधरा मिलिमीटर. "बसायला एवढी रुंदी कशाला?" त्यांनी विचारलं. "साडेचारशेत काम झालं असतं. जागा वाया चाललीय."

मी डबी उघडली. बाईच्या कडा चार वर्षांत काळ्या पडल्या होत्या आणि एक खांदा दुमडला होता. मी तिला ओट्यावर आडवी ठेवली. छत्तीस मिलिमीटरच्या ओट्यावर ती मावली, पायाशी पिशवीपुरती जागा उरली.

परीक्षक वाकले आणि डोळा मॉडेलच्या पातळीला आणून खिडकीतून पाहू लागले. बराच वेळ तसेच राहिले. मग न उठता विचारलं, "हिला इथून काय दिसतं?"

"रुग्णालयाचं दार," मी म्हणाले.